आजींची शंभरी आणि सोसायटीचा फ्लेक्स

सेक्रेटरी (ए-१०१): नमस्कार. सी-१०३ च्या आजींना शंभर पूर्ण झाली. रविवारी ५ वा. पार्किंगमध्ये सत्कार. शाल, श्रीफळ, कंदी पेढे. 'शतायुषी' असा फ्लेक्स टाकतोय, ॲडव्हान्स दिला आहे. प्रत्येक फ्लॅटने १०० रु. द्यावेत. टँकरचे ज्यांचे राहिलेत त्यांनी तेही.

जाधवकाका (बी-२०२): वा वा! 🙏🙏 शंभर वर्षे जगण्याची सात रहस्ये. पहाटे चारला उठा. तांब्याच्या भांड्यातले पाणी प्या. रात्रीचे जेवण सूर्यास्तापूर्वी... (पुढे पाठवलेले)

स्नेहल (सी-१०३): काका, आमच्या आजी साडेसातला उठतात आणि आधी चहा मागतात. रात्री मालिका संपल्याशिवाय जेवत नाहीत 😀

मोहिते (बी-३०४): आणि मिसरी? रोज सकाळी गॅलरीत बोटाने मिसरी लावत बसलेल्या असतात. मी चार सिगारेटी ओढल्या की आमच्या घरात महाभारत.

अक्षय (बी-१०२): फ्रान्सची जान कालमां १२२ वर्षं १६४ दिवस जगली. जगातला विक्रम आहे. ती ११७ पर्यंत सिगारेट ओढायची.

मोहिते: घ्या!

डॉ. अपर्णाताई (ए-३०१): दिवसाला एक-दोन, चार नव्हे. आणि मोहितेभाऊ, ज्या उरल्या त्यांच्याकडेच बघून हिशोब मांडताय. आजींबरोबर मिसरी लावणाऱ्या ज्या बायका पन्नाशीतच तोंडाच्या कॅन्सरने गेल्या, त्यांचा सत्कार कुणी पार्किंगमध्ये ठेवत नाही. ब्रिटनमध्ये १९५१ पासून ५० वर्षं डॉक्टरांचीच पाहणी केली. ओढत राहिलेले सरासरी १० वर्षं आधी गेले. साठीला सोडली तर ३ वर्षं परत मिळतात, पन्नाशीला ६. तुम्ही बावन्नचे ना?

मोहिते: एकावन्न.

कदम वकील (ए-२०२): त्या कालमांबाईंचा किस्सा आमच्या धंद्यातला आहे. बाई नव्वदीला आल्यावर एका वकिलाने करार केला: दरमहा २५०० फ्रँक देतो, तुमच्या पश्चात फ्लॅट माझा. ३० वर्षं पैसे भरून १९९५ ला वकीलच गेला. पुढचे हप्ते त्याच्या घरच्यांनी भरले. बाई गेल्या १९९७ ला. रिडेव्हलपमेंटची घाई असलेल्यांनी नोंद घ्यावी.

जाधवकाका: मग रहस्य काय शेवटी? खाणं की रक्त?

स्नेहल: आमच्या घरचं सांगते. आजींचा भाऊ ९४ ला गेला. बहीण दहिवडीला आहे, नव्वदीच्या पुढे, अजून सुईत दोरा ओवते. आजोबा मात्र ६१ लाच गेले. घर तेच, बाजरीची भाकरी तीच, कष्टही तेच. उलट आजोबांना दुधावरची साय मिळायची, आजींना खरवड.

अपर्णाताई: दोन्ही आहे काका, पण टप्प्याटप्प्याने. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० मध्ये जन्मलेल्या जुळ्यांचा अभ्यास झाला. माणूस किती जगणार यातला साधारण पाव हिस्सा आनुवंशिक निघाला. म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत पोचायला न ओढणं, चालणं, बीपी-साखरेच्या गोळ्या न चुकवणं, यावर बरंच निभतं. कॅलिफोर्नियातले अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे लोक ओढत नाहीत, पीत नाहीत, बरेचसे शाकाहारी. त्यांचे पुरुष तिथल्या इतरांपेक्षा ७ वर्षं जास्त जगतात. शंभरीची गोष्ट वेगळी. तिथे घराणं लागतं. अमेरिकेत शंभरी गाठलेल्यांची भावंडं तपासली, तर त्यांचे भाऊ शंभरीला पोचण्याची शक्यता इतरांच्या १७ पट निघाली, बहिणींची ८ पट. दहिवडीच्या आजींनाही पेढे पाठवा.

मोहिते: माझे वडील ५८ ला गेले.

अपर्णाताई: हार्टने ना? मग तर तुम्ही आधी सोडायला हवी. सोमवारी दवाखान्यात या, फी घेणार नाही.

कुलकर्णी सर (सी-३०१): एक शंका, राग नसावा. आजींचा जन्मदाखला आहे का?

स्नेहल: नाही सर. आधारवर ०१/०१/१९२६ आहे.

कुलकर्णी सर: तेच म्हणतो. १ जानेवारीला अर्धा महाराष्ट्र जन्मलाय. कर्वे १८ एप्रिल १८५८ चे, गेले १९६२ ला, १०४ वर्षं, त्याला कागद आहेत. पण जपानसारख्या देशात २०१० मध्ये शोध घेतला, तर कागदोपत्री शंभरी ओलांडलेल्या २ लाख ३० हजारांहून जास्त लोकांचा पत्ताच लागेना. टोकियोतले कागदावर १११ वर्षांचे एक आजोबा तर ३० वर्षांपूर्वीच वारलेले आणि घरचे पेन्शन खात होते. आजींना साल विचारू नका, काय आठवतं ते विचारा.

स्नेहल: थांबा, विचारते.

स्नेहल: म्हणाल्या, "पत्री सरकारच्या टायमाला माझं गांधी लगीन झालं. सुताचं हार घातलं आन् झालं. न्हाण येऊन वरीस झालं हुतं, पंधरावं लागलं आसंल." आणि कस्तुरबा गेल्या त्याच उन्हाळ्यात, हे पक्कं आठवतंय. भूकंपात थोरल्याला पांघरुणासकट ओढून बाहेर काढलं, तो बावीस-तेवीसचा होता म्हणे.

कुलकर्णी सर: कस्तुरबा गेल्या फेब्रुवारी १९४४ ला. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, पहाटे. थोरला १९४५ चा धरला तर जुळतं. म्हणजे आजींचा जन्म १९२९ च्या आसपास. सत्त्याण्णव.

सेक्रेटरी: सर, हे ॲडव्हान्स द्यायच्या आधी सांगायचं होतं.

सेक्रेटरी: फ्लेक्सवाला म्हणतो, पुढे 'भव' घालून देतो. 'शतायुषी भव'. २०० रु. जादा.

कुलकर्णी सर: आशीर्वाद थोरांनी धाकट्यांना द्यायचा असतो.

स्नेहल: आजींना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "म्हंजी निस्ती तीनच वर्सं?"

सेक्रेटरी: फ्लेक्स रद्द. पेढे अर्धा किलो वाढवतो. मोहिते, तुमचे १०० अजून आले नाहीत.