मदत हवी आहे: आईच्या गुडघ्यात 'स्टेम सेल' इंजेक्शन घ्यावं का?

नमस्कार मंडळी, आम्ही सोलापूरचे, विडी घरकुलातले. आईने तीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. आता उठताना गुडघ्याचा कट्ट आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येतो. एका दवाखान्यात म्हणाले, पोटाच्या चरबीतून स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी, काढून गुडघ्यात सोडू, झिजलेली गादी नव्याने उगवेल. खर्च दीड लाख. कागदावर मात्र लिहिलंय 'स्ट्रोमल सेल', म्हणजे नुसत्या आधार देणाऱ्या ऊतीतल्या पेशी!

मी बीएस्सी झालेलो, म्हणून थोडं वाचलं. १९९१ मध्ये आर्नोल्ड कॅपलान या अमेरिकन शास्त्रज्ञांनी या पेशींना 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव दिलं आणि २०१७ मध्ये त्यांनीच लिहिलं, नाव बदला. कारण या पेशी मुख्यतः रसायनं सोडून आजूबाजूच्या पेशींना कामाला लावतात, स्वतः गादी बनत नाहीत. मग उगवणार काय, कपाळ? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमावलीप्रमाणे रक्तपेशी बनवणाऱ्या स्टेम सेलचं ठरावीक आजारांतलं रोपण सोडलं, तर बाकी सगळं चाचणीतच. आणि चाचणी असेल तर पेशंटकडून पैसे कसे घेतात?

कोणाच्या घरी हे इंजेक्शन घेतलंय का? वर्षभराने फरक राहिला का? डॉक्टरांकडे चाचणीचा नोंदणी क्रमांक मागितला तर चालतं ना, की रागावतात? आईचं म्हणणं एवढंच, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेला चालत जाता आलं की बास. शनिवारी ॲडव्हान्स मागितलाय, त्याआधी सांगा.