मदत हवी आहे: ग्रीनलंडच्या झेंड्यातलं वर्तुळ शिवताना सरकतंय

1985 पासूनचा झेंडा, 90 × 60 सेंमी, पॉपलीनचा. वरचा पांढरा पट्टा हिमाच्छादनाचा, खालचा लाल समुद्राचा. वर्तुळात वर लाल सूर्य, खाली पांढरे हिमनग. व्यास 40 सेंमी, केंद्र काठीकडून 35 सेंमीवर (मधोमध नाही!). नेफा (काठी घालायची दुमड) वेगळा धरलाय.

छापील नको, दोन्ही बाजू सारख्या हव्यात. अर्धवर्तुळं वरून लावली तर पांढऱ्याखालचं लाल दिसतं. म्हणून ती पट्ट्यांतच सांधून शेवटी मधली आडवी शिवण घातली. माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) 1 सेंमी, वळणावर कट दिलेत, कापड आधी धुतलंय. तरी चुण्या येतात आणि अर्धवर्तुळांची टोकं 2-3 मिमी सरकतात. रंग नेमके तिथेच उलटतात, त्यामुळे फरक लगेच डोळ्यात भरतो.

माया 6 मिमी ठेवू, की वळणाची टीप आडव्या शिवणीच्या रेषेवरच थांबवू?