सोयाबीन बीजप्रक्रियेचं प्रशिक्षण: सही-चहाच्या पुढे

एका शेतकरी दादांची तक्रार आहे की शेतीच्या सरकारी प्रशिक्षणातून हजेरीची सही, चहा आणि कन्नड माहितीपत्रक एवढंच हाती लागतं. कर्नाटकात, निपाणी-चिक्कोडीकडच्या मराठी गावांत हे बरंचसं खरं आहे. पण प्रशिक्षण रयत संपर्क केंद्राच्या (कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयाच्या) सभागृहातून खळ्यावर आणलं, तर एक-दीड एकरवाल्यालाही त्याच हंगामात फरक दिसतो.

घरचं सोयाबीन बियाणंच घ्या. ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल मोडू द्यायची नाही. पाचव्या दिवशी निरोगी कोंब मोजायचे. ७० आले तर एकरी ३० किलो पुरतं. ६० आले तर ३५ किलो धरायचं. फारच कमी आले तर ते बियाणं पेरूच नये.

बीजप्रक्रियेत, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध आणि जिवाणू लावताना, क्रम चुकतो. बुरशीनाशक आधी, ते सुकल्यावर गार गुळपाण्यातून रायझोबियम (पिकाला नत्र मिळवून देणारे जिवाणू), १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. दोन्ही एकत्र कालवलं की जिवाणू मरतात. पाणी जास्त झालं किंवा हाताने चोळलं की पातळ साल सुटते आणि उगवण घटते. घमेल्यात हलक्या हाताने खालीवर करा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा.

हे काम बहुतेक घरांत बायका करतात आणि बोलावणं मात्र सातबाऱ्यावर (आपल्याकडे पहाणीवर) नाव असलेल्याला येतं! स्त्री-शक्ती गटांना (बायकांच्या बचत गटांना) बोलवा, मराठीतून सांगा, आणि मृगाआधी, मेमध्येच घ्या. जूनमध्ये पेरणी सोडून कोण येणार?