सदा थंडी वाजणाऱ्या माणसाला पांघरूण कुठलं? अनुभव लिहा

ओझरची सून :
आमच्या सासूबाईंना बारा महिने थंडी वाजते. वैशाखात आम्ही सगळे पंख्याखाली आणि त्या गळ्यापर्यंत चादर ओढून. आता तर निफाडचा पारा रोज पेपरात येतोय आणि निफाड आमच्यापासून काही लांब नाही. घरात दोन जाड रग आहेत. एक घातला तर पुरत नाही, दोन घातले की म्हणतात, "अगं, ओझं झालं, ऊब कुठाय?" थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर सगळं तपासून झालंय, तेव्हा तेवढा सल्ला नको. जाहिरातीही नकोत. तुमच्या घरातलं थंडीला हळवं माणूस शेवटी काय पांघरतं, ते धुवायचं कसं, किती हिवाळे टिकलं आणि रात्री सरकलं तर त्यांना स्वतःच्या हाताने ओढून घेता येतं का, हे लिहा. शेवटचा मुद्दा माझ्यासाठी सगळ्यात मोठा आहे.

वऱ्हाडी :
नागपूरची थंडी थोड्या दिवसांची, पण येते तेव्हा हाडात शिरते. २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा ३.५ वर गेला होता. त्याच हिवाळ्यात मामेभावाने बाबांना मिंकचं, म्हणजे मऊ केसाळ पॉलिएस्टरचं, ब्लँकेट भेट दिलं. पानिपतचं, डबल प्लाय, वर हाताएवढे गुलाब. हे ब्लँकेट दुकानात वजनावर बोलतात, "हे पाच किलोचं, हे सहाचं," आणि आपल्यालाही वाटतं जितकं जड तितकं गरम. बाबांचं स्वतःचं वजन पन्नासच्या आत. त्यांना कूस बदलायची तर आईला उठून ब्लँकेट उचलून धरावं लागायचं. शिवाय अंगावर घेतल्यावर ते आधी गार लागतं, मग तापतं, पहाटे घाम फुटतो. पॉलिएस्टर घाम पीत नाही. बाबा ते लोटून द्यायचे आणि ओल्या बनियनवर गार हवा लागली की पुन्हा हुडहुडी.

मग आम्ही सिंगल प्लायचं, अडीचेक किलोचं घेतलं. आईने त्याला आतल्या बाजूने जुनी सुती चादर टाचली, चारी कडा आणि मध्ये चार-पाच ठिकाणी टाके. अंधारात पांघरूण झटकलं की निळ्या ठिणग्या उडायच्या, त्याही बंद झाल्या. धुवायला फक्त चादर उसवायची. बाबा ते एका हाताने ओढतात. सहा किलोचं पाहुण्यांना देतो, तेही हात जोडतात.

टोपडं :
पांघरूण नंतर. आधी कानटोपी आणि लोकरीचे पायमोजे. माझ्या आत्याला याच दोन गोष्टींनी निम्मा फरक पडला.

कोडोलीकर :
सगळे वरून काय घ्यायचं ते सांगायलेत. खालचं कोण बघणार? थंडी खालनं येते. फरशीवर चटई टाकून नाहीतर पातळ गादीवर झोपणाऱ्याला वर चार रजया घातल्या तरी पाठ गारच राहणार, कारण अंगाच्या भाराखाली गादी दबते आणि त्यातली हवा जाते. आमच्याकडं आजीच्या गादीवर घोंगडं, त्यावर चादर, मग माणूस. वर एक साधी दुलई पुरते.

मी कोल्हापूरकडच्या पट्टणकोडोलीचा, घोंगड्यांच्या गावचा, त्यामुळं घोंगड्याबद्दल चार ओळी जास्त लिहितो, सोसून घ्या. खरं घोंगडं दख्खनी मेंढीच्या लोकरीचं. धनगर कातरतात, सनगर विणतात. ताण्याला चिंचोक्याची खळ असते, म्हणून नवं घोंगडं पुठ्ठ्यागत ताठ लागतं आणि त्याला मेंढराचा वास येतो. वापरून खळ झडते, वासही कमी होतो. टोचणं मात्र राहतंच. "अजिबात न टोचणारं घोंगडं" म्हणून कुणी विकत असेल तर आधी दशीचा एक धागा मागा आणि जाळून बघा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. वितळून टणक गोळी झाली तर ते ॲक्रिलिक. मऊच हवं असेल तर जावळाचं मागा, म्हणजे कोकराची पहिली कातरण. ते महाग असतं आणि असावंच.

म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते, त्यांच्या अंगाला थेट लोकर लावू नका. एक मऊ लुगडं मध्ये घाला. लोकरीची खरी गंमत अशी की आपल्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा दमटपणा ती पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. वर वऱ्हाडींनी पहाटेच्या घामाचं लिहिलंय, तो त्रास हिच्यात होत नाही.

रात्रपाळी :
मी सोलापूरला रुग्णालयात नर्स आहे. पांघरुणाआधी एक गोष्ट सांगते, कारण दर हिवाळ्यात बघते. "आईचे पाय गार पडतात" म्हणून घरचे पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवतात, आई झोपते, सकाळी घोट्याला टपोरा फोड. मधुमेह जुना असेल तर तळपायांना चटका कळतच नाही. फोडाची जखम मग महिना महिना भरत नाही. पिशवीने अंथरूण तापवा, माणूस आत शिरण्याआधी ती बाहेर काढा. इलेक्ट्रिक ब्लँकेटलाही हाच नियम.

आणि एकाएकी कुणाला थंडी वाजायला लागली, आधी वाजत नव्हती, तर दुकानात जाण्याआधी रक्त तपासा. धागाकर्तीने केलंय, पण बाकीचे वाचतायत म्हणून लिहिलं.

आता गावाचा अभिमान बाजूला ठेवून: सोलापुरी चादर मलाही प्रिय आहे, २००५ पासून तिला भौगोलिक मानांकन आहे, पण ती सुती आहे हो. जाड आहे म्हणून ती ब्लँकेटचं काम करेल असं नाही. एकेरीपेक्षा दोन चादरी एकावर एक घातलेल्या जास्त उबदार, कारण मधली हवा अडकते. वॉर्डात आम्ही तेच करतो. आणि पांघरुणाची वरची कड खांद्यामागे खोचून द्या. ऊब निघून जाते ती मानेपाशी.

लीड्सवासी :
इथे इंग्लंडात डुव्हेच्या, म्हणजे पिसं वगैरे भरलेल्या फुगीर रजईच्या, पिशवीवर टॉगचा आकडा छापलेला असतो. वस्तू किती ऊब धरून ठेवते त्याचं ते माप, वजनाचा त्याच्याशी संबंध नाही. उन्हाळ्याला ४.५, कडक थंडीला १३.५. पिसांचा १३.५ टॉगचा डुव्हे उचलून बघा, मिंकच्या निम्माही भरणार नाही. भारतात हा आकडा सहसा दिसत नाही, म्हणून बिचारा गिऱ्हाईक किलो विचारतो.

पण आई साताऱ्याहून आली तेव्हा तिला हा डुव्हे काही केल्या आवडला नाही. गरम होता, तक्रार ती नव्हती. "हे अंगाला चिकटत नाही रे," म्हणाली. तिला डोक्यापासून पायापर्यंत गुरगुटून झोपायची सवय, पांघरुणाचं टोक पायाखाली दाबून. डुव्हे फुगीर, तो दबत नाही, आणि कडेने वारा शिरतो. शेवटी आत अंगाभोवती मऊ फ्लीसची शाल आणि वर डुव्हे असं जमलं. दोन भागांचे डुव्हेही मिळतात, ४.५ आणि ९ चे, बटणांनी जोडायचे. उतारवयात रात्रीत थंडी कमीजास्त होते त्यांना ते सोयीचे.

गादीवर, चादरीखाली घालायचं विजेचं ब्लँकेट इथे घरोघरी असतं. झोपण्याआधी अर्धा तास लावतो आणि आत शिरताना बंद. घडी घालून ठेवू नका, आतली तार मोडते. गुंडाळून ठेवा.

धावदोरा :
गोधडीचं नाव कुणीच कसं काढलं नाही!

माझ्याकडे आईने शिवलेली आहे आणि मी स्वतःही शिवते. ऐका, गोधडी उबदार होते ती थरांमुळे, आणि थर जागेवर राहतात ते टाक्यांमुळे. मध्ये जुनी सुती लुगडी, धोतरं, वर-खाली जरा बऱ्या साड्या. हल्ली सुती लुगडी घरात उरली नाहीत म्हणून बायका आत सिंथेटिक साड्या भरतात. त्या एकमेकींवरून सरकतात, दोन धुण्यांत आत गोळा होतात आणि गोधडी मध्ये पोकळ, कडेला गाठोडं अशी होते. शिवायला देताना आतलं कापड स्वतः द्या. टाका बोटाच्या पेराहून लांब नको. म्हाताऱ्या माणसासाठी चार थर बस. सात-आठ थरांची गोधडी दिसते झकास, पण भिजली की दोघींनी पिळावी लागते आणि डिसेंबरच्या उन्हात दोन दिवस वाळत नाही. मशीनमध्ये घालून पाहण्याचा विचारही करू नका.

कोडोलीकरांशी एका बाबतीत माझं भांडण आहे. लोकरीला वास राहतो आणि कसर लागते. गोधडीला नाही.

कोडोलीकर :
कसर लागते ती माळ्यावर टाकून विसरलेल्या लोकरीला. पावसाळा सरला की कडक ऊन दाखवा, काठीनं झोडपा, कडुलिंबाचा वाळला पाला घालून सुती कापडात बांधा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. आणि घोंगडं सारखं धुवायचं नसतं.

अकोल्याची कमल :
आमच्या घरी जयपुरी रजई जिंकली. वरून मलमल, आत कापसाचा पातळ थर, घडी केली तर उशीएवढी. हातात हलकी म्हणून सासरे आधी हसले, "ही काय थंडी अडवणार?" दहा मिनिटांत घोरायला लागले. तिचं दुखणं एकच, धुतली की कापसाच्या गाठी होतात. म्हणून पहिल्या दिवशीच चेन असलेली सुती खोळ शिवून घ्या, धुवायची ती खोळ. पूर्वी गाठी झाल्या तरी चिंता नव्हती, पिंजारी धनुकली वाजवत दारात यायचा, उसवून, पिंजून, पुन्हा भरून द्यायचा. आता आम्ही कापूस पिंजायच्या मशीनवर नेतो. घेताना रजई उजेडासमोर धरून पाहा. कुठे पारदर्शक दिसली तर तिथे कापूस नाही, तिथून थंडी येणार.

ओझरची सून :
काल सासूबाईंना सगळ्यांचं वाचून दाखवलं. त्यांना "खालनं येते" हे एकदम पटलं. गादीवर घोंगडं हवंय, पण वास चालणार नाही म्हणतात, तेव्हा खळ झडलेलं, वापरातलं कुणी देतं का ते बघते. वर जयपुरी रजई. अजून एक प्रश्न: त्या आणि सासरे एकाच पलंगावर, एकाच डबल पांघरुणात झोपतात. सासऱ्यांना उकडतं.

वऱ्हाडी :
मग अर्धं भांडण तिथंच आहे, बाप्पा! डबल घेऊच नका, दोन सिंगल घ्या. ते कूस बदलतात, पांघरूण त्यांच्याबरोबर जातं आणि यांची पाठ उघडी पडते. आमच्याकडे आईबाबांचं पांघरूण वेगळं केल्यावर बाबांची थंडीची तक्रार निम्म्यावर आली, आणि आईची तर पूर्णच गेली. तिला थंडी कधी वाजतच नव्हती, झोप मिळत नव्हती.