दोन्ही कानांना मशीन, पहिल्या रांगेत बसूनही सुटतंय

प्रश्न (तिसरीची वर्गशिक्षिका) : वर्गात दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावणारी मुलगी आहे. पहिल्या रांगेत मधोमध बसवते, मोठ्याने बोलते. तरी श्रुतलेखनात निम्मे शब्द चुकतात, दुपारी यंत्र शिट्टी मारतं. शेजारीपाजारी पालकांना विशेष शाळा सुचवतायत. वर्गात काय बदलू?

उत्तर (विशेष शिक्षक) : आधी यंत्र बघा, रोज, परिपाठाच्या आधी. तोंडासमोर कागद धरून मीटर-दीड मीटरवरून म्म, ऊ, आ, ई, श्श, स्स म्हणा. क्रम बदलत राहा. तिनं ऐकून तसंच म्हणायचं, एकेका कानाचं वेगळं. काहीच आलं नाही तर सेल संपलाय किंवा मोल्डमध्ये (कानात बसणारा, तिच्या कानाच्या मापाचा साचा) मळ अडकलाय. फक्त श्श-स्स सुटत असतील तर तारखेनिशी लिहून ऑडिओलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) दाखवा. शिट्टीचं म्हणाल तर डबा खाऊन, खेळून आल्यावर मोल्ड जागचा हलतो. तो नीट दाबून बसवा. तरी वाजली तर कान वाढलाय आणि मोल्ड सैल झालाय. माप नव्यानं द्यावं लागेल. शिट्टी थांबावी म्हणून यंत्राचा आवाज कमी करू नका, तिला ऐकूच कमी येईल.

उत्तर (श्रवणदोष असलेल्या मुलांची शिक्षिका) : जागा बदला. दुसरी रांग, कडेला, खिडकी तिच्या पाठीशी. म्हणजे उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडतो आणि मान वळवली की बाकी मुलांचेही चेहरे दिसतात. मोठ्याने बोलू नका, ओठांचा आकार बिघडतो. फळ्याकडे तोंड करून बोललेलं तिच्यापुरतं वाया गेलं. मागच्या मुलानं दिलेलं उत्तर तुम्ही पुन्हा सांगा. श्रुतलेखनात पान, भान, मान ओठांवर अगदी सारखे दिसतात. सुटा शब्द न देता ‘बैलाची मान’ म्हणा. पत्र्यावर पाऊस वाजत असेल त्या दिवशी श्रुतलेखन घेऊच नका.

उत्तर (पालक) : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३१ पालकांना वाचून दाखवा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण. निवड त्यांनी करायची. आणि दप्तरात जादा सेल ठेवायला सांगा. सेलवरचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची, मग बसवायचा.

प्रश्नकर्ती : यंत्र आणि मोल्ड जोडणाऱ्या नळीत पाण्याचे थेंब दिसतात, ते?

उत्तर (विशेष शिक्षक) : दमट हवेचे. मोल्ड यंत्रापासून सोडवून रबरी फुग्याच्या पंपानं नळीत हवा मारा. रात्री यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीबरोबर.