'शिक्षा', 'शासन' की 'शिस्त'? इब्री १२ मधला शब्द

शब्दवेडा: बायबलच्या नव्या करारातल्या इब्री पत्रात, १२:६ प्रमाणे, देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो. त्यातलंच रोमकरांस पत्र ८:१ म्हणतं, ख्रिस्तात असलेल्यांना दंडाज्ञा नाहीच. शिक्षा आहे पण दंड नाही, याची संगती कशी लावायची?

पानउलट: मराठीत गल्लत होते, मूळ ग्रीकमध्ये होत नाही. इब्री १२ मध्ये 'पैदेइया' आहे. 'पाइस' म्हणजे मूल. मुलाला वाढवण्यात जे जे येतं ते सगळं पैदेइया. प्रेषितांची कृत्ये ७:२२ मध्ये मोशे मिसरी विद्या शिकला, तिथे याचंच क्रियापद आहे. लूक २३:१६ मध्ये रोमी सुभेदार पिलात येशूला फटके मारून सोडायचं म्हणतो, तिथेही तेच. एका टोकाला पाटी, दुसऱ्या टोकाला छडी.

रोम ८:१ चा 'काताक्रिमा' कोर्टातला शब्द: दोषी ठरवून सुनावलेला निकाल. १ करिंथ ११:३२ मध्ये दोन्ही कल्पना शेजारी बसल्या आहेत. प्रभू आपल्याला आता शिक्षा करतो ती जगाबरोबर दोषी ठरू नये म्हणून. पहिली दुसरी टाळण्यासाठीच आहे, तिचा हप्ता म्हणून नव्हे.

धातुपाठ: मराठी बाजू बघा. 'शिक्षा' शिक्ष् धातूची, 'शिकणे'ची सख्खी. हिंदीत ती अजून शाळेत आहे, मराठीत तुरुंगात गेली! 'शासन' शास् धातूचं. 'शिष्य'ही त्याचाच, म्हणून अर्थाने शासन सर्वांत जवळचं. पण आज 'देवाचे शासन' म्हटलं की सरकारी परिपत्रक डोळ्यांपुढे येतं.

शब्दवेडा: मग सरळ 'शिस्त' का नको?

धातुपाठ: शिस्त फारसीतून आली. 'शिस्त धरणे' म्हणजे नेम धरणे. रांग, गणवेश, वेळापत्रक हे सगळं तिच्यात येतं. दुखणं येत नाही. १२:११ तर स्पष्ट म्हणतं की त्या वेळी ती आनंदाची नाही, खेदाची वाटते. नुसतं 'शिस्त' लिहिलं तर ओळ फिकी पडते.

पानउलट: त्यात १२:६ चा दुसरा भागही आहे. लेखक जुन्या करारातलं नीतिसूत्रे ३:११-१२ उद्धृत करतो, पण मूळ हिब्रूतून नव्हे, त्याच्या जुन्या ग्रीक भाषांतरातून. हिब्रूत तिथे 'जसा बाप आवडत्या मुलाला' आहे. ग्रीकमध्ये 'प्रत्येक पुत्राला फटके मारतो'. हिब्रू 'कआव' (बापासारखा) ही अक्षरं वेगळी वाचली तर 'दुखवतो' असं क्रियापद होतं, त्यातून हा फरक आला असावा. मूळ हिब्रू नाम 'मूसार'. त्यात बोलून समजावणंही येतं, फक्त मार नव्हे.

ओसरी: मग कोणी आजारी पडलं की 'ही कुठल्या पापाची शिक्षा' विचारतात, ते याच शब्दामुळे?

पानउलट: बरंचसं. योहान ९:३ मध्ये जन्मांधाबद्दल येशू तो हिशेबच नाकारतो. लूक १३:४ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून मेलेले १८ जण इतरांहून अधिक दोषी नव्हते असं सांगतो. उलट उदाहरणही आहे: २ शमुवेल १२ मध्ये दावीद राजाला त्याच्या पापाची क्षमा मिळते, तरी परिणाम चुकत नाही. पण इब्री पत्राच्या वाचकांचं दुःख कुठलं ते पाहा. १०:३४ प्रमाणे त्यांची मालमत्ता लुटली गेली होती. हा लोकांनी केलेला छळ होता, त्यांच्या पापाचं फळ नव्हतं. तरी लेखक त्याला पैदेइयाच म्हणतो. म्हणून आजाऱ्याच्या उशाशी बसून हे वचन वाचणाऱ्याने 'शिक्षा' शब्द टाळावा. ऐकणाऱ्याला कोर्टच ऐकू येतं.

ओसरी: मग तिथे काय म्हणावं?

धातुपाठ: मी 'वळण' म्हणेन. 'वळण लावणे' यात बाप आहे, कष्ट आहेत, मुलाचं पुढचं आयुष्यही आहे. १२:११ च्या शेवटी तर व्यायामशाळेचं क्रियापद आहे, 'गुम्नाझो'. तिथे 'तालीम' चपखल बसतो. अरबीत तो शिकवणं, मराठीत कुस्तीचा आखाडा. अडचण एकच, आज तालीम म्हटलं की कुणाला नाटकाची आठवते.