एमपीडी चालू आहे, पण यादी रिकामी आणि आवाजही नाही

संथलय

नमस्कार. बरीच वर्षं सीमस हा टर्मिनलमधला प्लेयर वापरतोय आणि त्याच्याबद्दल तक्रार काही नाही. एक्स दाबलं की गाणं सुरू, सी दाबलं की थांबलं. बोटांना सवय झाली आहे. अडचण एवढीच की टर्मिनलची खिडकी मिटली की गाणंही बंद पडतं, आणि दुसऱ्या खोलीत असलो तर फोनवरून पुढचं गाणं लावता येत नाही. म्हणून डेबियन लिनक्सच्या रेपॉझिटरीतून एमपीडी (पडद्याआड गाणी वाजवणारी सर्व्हिस) आणि एनसीएमपीसीपीपी (तिला जोडायचा टर्मिनलमधला पडदा) घेतलं.

एनसीएमपीसीपीपी उघडतं, जोडलं गेल्याचंही सांगतं, पण लायब्ररी रिकामी. यू दाबून डेटाबेस अपडेट केला तर क्षणात 'झालं' म्हणतं आणि यादी तशीच. गाणी बाहेरच्या यूएसबी हार्ड डिस्कवर आहेत. होममधल्या कॉन्फिग फोल्डरात एमपीडीची फाइल लिहून त्यात डिस्कचा पत्ता दिला, त्याचा काहीच परिणाम नाही. शेवटी एक फ्लॅक फाइल व्हार/लिब/एमपीडी/म्युझिकमध्ये कॉपी केली. ती दिसली, पण एंटर दाबल्यावर आउटपुट उघडता आलं नाही असा एरर. हाताने एमपीडी चालवून पाहिलं तर पोर्ट ६६०० आधीच वापरात आहे म्हणतं आणि बंद होतं.

शिवाय जुन्या कॅसेटवरून काढलेल्या एमपी३ फाइलींना मी मराठीत टॅग दिले आहेत. ती नावं सीमसमध्येही रकान्याबाहेर सरकतात. एनसीएमपीसीपीपीत त्यावर उपाय आहे का? की सीमसच बरं होतं?

तानपट्टी

सीमस सोडायची गरज नाही. टीमक्समध्ये सीमस चालवा, कंट्रोल-बी आणि मग डी दाबून बाहेर पडा. खिडकी मिटली तरी गाणं चालू राहतं. सीमस-रिमोटला डॅश यू दिलं की पॉज, डॅश एन दिलं की पुढचं गाणं. फोनवरून एसएसएचने (दुरून मशीनच्या टर्मिनलमध्ये शिरून) हेच करता येतं. दोन गोष्टींसाठी अख्खी सर्व्हिस कशाला पाळायची?

मंद्रसप्तक

तानपट्टी म्हणतात ते चालेल, पण फोनवर एसएसएच उघडून कमांड टाइप करणं आणि फोनवर यादी चाळत गाणं निवडणं यांत फार फरक आहे. संथलयांना दुसरं हवंय असं दिसतं, आणि एमपीडी त्याचसाठी आहे. गाणं वाजवणारा वेगळा, पडदा दाखवणारा वेगळा. पडदे कितीही उघडा, मिटा, वाजवणाऱ्याला पत्ता नसतो.

आता तुमचा घोळ. तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत, पण कारण एकच आहे: तुमच्या मशीनवर जे एमपीडी चालतंय ते तुमचं नाही. डेबियनचं पॅकेज बसताच सिस्टिम सर्व्हिस आपोआप सुरू होते, आणि ती एमपीडी नावाच्याच वेगळ्या यूजरच्या खात्यातून चालते. एवढं लक्षात घेऊन तुमचा प्रश्न पुन्हा वाचा. ती सर्व्हिस ईटीसीमधली (सिस्टिमच्या सेटिंगचा फोल्डर) एमपीडी.कॉन्फ वाचते, तुमच्या होममधली फाइल उघडतही नाही, म्हणून तुम्ही लिहिलेल्याचा परिणाम नाही. ईटीसीतल्या फाइलीत गाण्यांची जागा व्हार/लिब/एमपीडी/म्युझिक अशी दिलेली असते, ती रिकामी, म्हणून यादी रिकामी. साउंड कार्ड तुमच्या लॉगिनच्या पाइपवायरच्या (आवाज सांभाळणारा प्रोग्राम) ताब्यात, परक्या यूजरला तिथे वाट नाही, म्हणून आउटपुटचा एरर. आणि ६६०० पोर्ट त्याने अडवून धरलेला, म्हणून तुमचं स्वतःचं एमपीडी उठत नाही.

ईटीसीतल्या फाइलीत डिस्कचा पत्ता घालून सुटका होईल असं वाटेल, पण होणार नाही. डेस्कटॉपवरून यूएसबी डिस्क माउंट केली की ती मीडिया फोल्डरात तुमच्या नावाच्या फोल्डराखाली येते, आणि त्या फोल्डरात शिरायची परवानगी फक्त तुम्हाला असते. गाण्याची फाइल सगळ्यांना वाचता येत असली तरी उपयोग नाही. वाटेतल्या प्रत्येक फोल्डरात शिरता आलं पाहिजे. लोक इथे वैतागून सगळ्याला ७७७ (कुणालाही काहीही करू देणारी) परवानगी देऊन टाकतात. कृपा करून तसं करू नका.

सुडो (ॲडमिनचा अधिकार) लावून सिस्टिमसीटीएलने (सर्व्हिस चालू-बंद करायची कमांड) एमपीडीची सर्व्हिस डिसेबल करा, सोबत डॅश डॅश नाऊ. त्याच कमांडमध्ये एमपीडी.सॉकेटही द्या. सर्व्हिस बंद केली आणि सॉकेट राहिलं, तर पोर्टवर कोणी टकटक करताच सिस्टिमडी (सगळ्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) सर्व्हिस पुन्हा उठवतं, आणि माणूस चक्रावतो की बंद केलेलं चालू कसं झालं.

मग तुमची स्वतःची फाइल. ऑप्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहितेय. फाइलीत ती इंग्रजीत, शब्दांमध्ये अंडरस्कोर, आणि किंमत दुहेरी अवतरणात. म्युझिक डिरेक्टरी म्हणजे डिस्कवरचा गाण्यांचा फोल्डर. प्लेलिस्ट डिरेक्टरी, डीबी फाइल आणि स्टेट फाइल होममध्येच ठेवा, आणि त्यांचे फोल्डर आधी स्वतः तयार करा, एमपीडी ते करून देत नाही. स्टेट फाइल विसरू नका: रांगेत काय होतं, कुठल्या सेकंदाला थांबलं होतं, आवाज किती होता, हे सगळं तिच्यात राहतं. जोडीला रिस्टोअर पॉज्डला येस द्या, नाहीतर मशीन चालू करताच अपरात्री गाणं सुरू होतं.

ऑडिओ आउटपुटच्या महिरपी कंसात टाइप पाइपवायर आणि एक नाव, बस. पाइपवायरचं आउटपुट एमपीडीच्या ०.२३ पासून आहे. त्याआधीची आवृत्ती असेल तर टाइप पल्स द्या, पाइपवायरचा पल्स-थर ते सांभाळून घेतो.

फाइल सेव्ह केली की सिस्टिमसीटीएलला डॅश डॅश यूजर लावून एमपीडी इनेबल करा, पुन्हा डॅश डॅश नाऊसह. इथे सुडो नाही, ते लावलं तर यूजर म्हणून रूट पकडला जातो. तपासायला एनसीएमपीसीपीपी उघडू नका. आधी एमपीसी अपडेट (एमपीसी म्हणजे एमपीडीला एकेक हुकूम द्यायची कमांड), मग एमपीसी आउटपुट्स. आउटपुट इनेबल्ड दिसलं आणि एमपीसी स्टॅट्समध्ये गाण्यांचा आकडा शून्य नसला, तर काम झालं. काही बिनसलं तर जर्नलसीटीएलला डॅश डॅश यूजर आणि डॅश यू एमपीडी देऊन लॉग वाचा. एमपीडीचे एरर सरळ असतात, कुठली फाइल उघडली नाही ते नावानिशी सांगतात.

बाहेरच्या डिस्कबद्दल एक इशारा. डिस्क जोडलेली नसताना अपडेट चालला, तर एमपीडीला वाटतं गाणी पुसली गेली, आणि डेटाबेसमधून ती काढून टाकतं. गाणी डिस्कवर शाबूत असतात, पण पुन्हा अख्खं स्कॅन होईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणारी फाइल) यूयूआयडी (डिस्कची ओळख) देऊन डिस्कला कायमचा माउंट पॉइंट द्या, नोफेल ऑप्शनसह, म्हणजे डिस्क नसली तरी मशीन बूट व्हायचं अडत नाही. ऑटो अपडेट मात्र येस करू नका. हाताने यू दाबणं बरं.

कॅसेटवरून काढलेलं म्हणालात म्हणून रिप्लेगेनवर (गाण्यांचा आवाज सारखा ठेवायची सोय) चार शब्द जास्त लिहिते, कारण माझ्या मते या सगळ्या सेटिंगमध्ये कानाला सर्वांत जास्त फरक यानेच पडतो. एक कॅसेट हळू, दुसरी ओरडणारी, आणि आपला हात सारखा व्हॉल्यूमवर. एमपीडी रिप्लेगेन मोजत नाही, फाइलीतले टॅग फक्त वाचतं. मोजायचं काम आरएसगेनने करून घ्या, तो गाण्याचं बळ −१८ एलयूएफएसच्या (आवाजाच्या बळाचं माप) हिशेबाने मोजतो आणि फरक टॅगमध्ये लिहितो. आवाजाच्या मूळ डेटाला हात लावत नाही. मग एमपीडीत रिप्लेगेनला ऑटो द्या. सरळ क्रमाने ऐकताना तो अल्बमचा आकडा घेतो, त्यामुळे कॅसेटच्या एका बाजूवरची हळुवार जागा हळुवारच राहते. रँडम लावलं की गाण्या-गाण्याचा आकडा घेतो. टॅग नसलेल्या फाइली मध्येच अंगावर येऊ नयेत म्हणून रिप्लेगेन मिसिंग प्रीॲम्प उणे सहा डेसिबलच्या आसपास ठेवा, मग कानाने ठरवा.

फोनसाठी बाइंड टू ॲड्रेस लागेल. लोकलहोस्ट (म्हणजे हेच मशीन) राहू द्या आणि त्याखाली दुसऱ्या ओळीत मशीनचा घरच्या नेटवर्कमधला पत्ता द्या. सॉकेट युनिट वापरत असाल तर ही ओळ वाचलीच जात नाही, म्हणून यूजरचं सॉकेट चालू नाही ना तेही बघा. पासवर्ड ठेवता येतो, पण तो नेटवर्कवरून उघडाच जातो, तेव्हा हा पोर्ट राउटरमधून बाहेर कधीही काढू नका. ॲन्ड्रॉइडवर एमएएलपी हे ॲप चांगलं चालतं.

माझ्याकडे हे सगळं एका जुन्या लॅपटॉपवर आहे. तो झाकण मिटून कपाटावर असतो, त्याच्या पडद्याकडे कोणी बघत नाही. तसं करायचं असेल तर लॉगिनडीच्या फाइलीत हँडल लिड स्विचला इग्नोर द्या, म्हणजे झाकण मिटलं तरी मशीन झोपत नाही, आणि लॉगिनसीटीएलने तुमच्या यूजरला लिंगर चालू करा, म्हणजे लॉगिन न करताही तुमच्या सर्व्हिस उठतात.

उजवाकाना

मराठी नावांचं सांगतो. दोष प्लेयरचा नाही. प्लेयर मोजतो की अमुक नावाला इतकी घरं लागतील, आणि टर्मिनल जोडाक्षरं नि मात्रा वेगळ्या हिशेबाने मांडतं. दोघांचं जुळलं नाही की ओळ सरकते. अलाक्रिटी या टर्मिनलमध्ये जोडाक्षरं नीट जुळतच नाहीत. कॉन्सोल या टर्मिनलमध्ये मला सर्वांत कमी त्रास झाला. पण पूर्ण सुटका नाही, म्हणून मी रकान्यांचा क्रमच बदलला. एनसीएमपीसीपीपीच्या सॉंग कॉलम्स लिस्ट फॉरमॅटमध्ये वेळ आणि ट्रॅक नंबर सर्वांत डावीकडे, मराठी नाव सर्वांत शेवटी. शेवटच्या रकान्याच्या पुढे काही नसतं, त्यामुळे तो सरकला तरी कुणाला धक्का लागत नाही. नाहीतर प्लेलिस्ट डिस्प्ले मोडला क्लासिक द्या, रकानेच जातात.

टॅग आयडी३ च्या (एमपी३ टॅगची पद्धत) दुसऱ्या पिढीचे आहेत ना तेही बघा. २.४ मध्ये यूटीएफ-८ चालतं, २.३ मध्ये यूटीएफ-१६ (दोन्ही अक्षरं साठवायच्या पद्धती). पहिल्या पिढीत नावाला ३० बाइटच मिळतात, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे मात्रा धरून दहा चिन्हांत नाव तुटतं.

कानडोळा

मी स्क्रीन रीडर वापरतो, डोळ्यांनी टर्मिनल दिसत नाही. एनसीएमपीसीपीपीचा पडदा दर सेकंदाला वेळ बदलतो आणि ओर्का (माझा स्क्रीन रीडर) ते वाचत सुटतं, गाणं ऐकूच येत नाही. एमपीसी मात्र आमच्यासाठी सोन्यासारखं आहे: एक ओळ विचारा, एक ओळ उत्तर. एमपीसी करंटला डॅश डॅश वेट दिलं की गाणं बदलेपर्यंत ते गप्प राहतं, आणि बदललं की नवं नाव सांगतं. तेवढं एका लहान स्क्रिप्टमध्ये फिरवत ठेवलंय, आवाज बोलतो आणि पुन्हा शांत. डोळस लोकांनीही एमपीसी शिकावं असं मनापासून वाटतं. एमपीसी टॉगल एखाद्या कीला बांधलं की पडदा उघडायची गरजच उरत नाही.

संथलय

सर्वांचे आभार. मंद्रसप्तक, सॉकेटच होतं! सर्व्हिस मी आधी बंद करून पाहिली होती, पण ती परत उठायची आणि कळत नव्हतं का. आता एमपीसी स्टॅट्समध्ये सगळे अल्बम मोजले गेले, आवाज आला, फोनही जोडला गेला. उजवाकाना, वेळ डावीकडे आणि नाव शेवटी, इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. आरएसगेन आत्ता कॅसेटच्या फोल्डरावर चालू आहे.

एकच राहिलं. कीबोर्डवरची प्ले-पॉजची की सीमसला कळायची, एमपीडीला कळत नाही.

मंद्रसप्तक

सीमस एमप्रिस (डेस्कटॉप आणि प्लेयर यांची आपसातली भाषा) स्वतः बोलतं, एमपीडी बोलत नाही. मध्ये एमपीडी-एमप्रिस नावाचा छोटा दुवा लागतो. तोही यूजर सर्व्हिस म्हणूनच लावा आणि एमपीडीनंतर उठेल असं युनिटमध्ये लिहा. डेस्कटॉपची की लगेच चालेल. डेस्कटॉप नसून नुसता विंडो मॅनेजर असेल तर दुवाही नको, कानडोळा म्हणतात तसं एमपीसी टॉगल थेट कीला बांधा. आणि आरएसगेनचं झालं की एकदा यू दाबा.